गाडीत पडलेली मोत्याची कुडी: सीट उतरवण्याआधी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरचं लग्न आटोपून पुण्याला परत येताना तुमच्या डाव्या कानातली मोत्याची कुडी पडली. तुम्ही पुढे, चालकाच्या शेजारी बसला होतात. घरी पोचल्यावर कानाला हात लागला तेव्हा कळलं. पायाखालच्या मॅट काढून पार्किंगमध्ये झटकल्या, सीटखाली हात घालून पाहिलं, काही मिळालं नाही. आता घरचे म्हणतात वॉशिंग सेंटरला नेऊन व्हॅक्यूम मारून घेऊ आणि मेकॅनिक म्हणतो सगळ्या सीट उतरवाव्या लागतील. कुडी आजीची आहे, म्हणून घाईत काही बिघडण्याआधी तुम्ही विचारताय, आणि हे फार बरं केलंत.

पहिली विनंती: हे उत्तर पूर्ण वाचेपर्यंत गाडी जागची हलवू नका, सीट पुढेमागे करू नका आणि वॉशिंग सेंटरला तर नेऊच नका. कारण पुढे येईलच.

मी पुण्यात गाडीच्या आतल्या कामाचं दुकान चालवतो. सीट कव्हर, फ्लोअरचं मॅटिंग, छताचं लायनिंग, आतली साफसफाई. सीट उतरवणं रोजचंच, त्यामुळे लोकांच्या हरवलेल्या वस्तूही हाती लागत राहतात. नाणी, पेनांची टोपणं, औषधाच्या गोळ्या, आणि मधूनच एखादी अंगठी, चमकी, मंगळसूत्राची वाटी. अनेकदा मालकाला ती गाडीत पडली हेच माहीत नसतं. घर पालथं घालून त्यांनी आशा सोडलेली असते. उलटही होतं. वस्तू गाडीतच पडली याची शंभर टक्के खात्री असते, आम्ही सीट उतरवतो, कार्पेट उचलतो, आणि संध्याकाळी फोन येतो की साडीच्या घडीत सापडली. म्हणून मी कुणाच्याही गाडीला पाना लावण्याआधी प्रश्न विचारतो. वस्तू कुठे असेल ते पुढे पाहू, आधी ती अंगावरून कधी आणि कशाने सुटली ते ठरवायचं. ते ठरलं की गाडीतल्या शंभर फटींपैकी चारपाचच उरतात.

कुडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त सांगून जाते ती फिरकी. कुडीची दांडी कानाच्या पाळीतून पुढून मागे जाते आणि मागून फिरकी बसते. आधी फिरकी सैल होऊन पडते आणि नंतर, कधी पाच मिनिटांनी, कधी दोन तासांनी, कुडी पुढच्या बाजूने निसटते. म्हणजे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि दोन वेगळ्या जागी घडलेल्या असू शकतात. फिरकी कुठे आहे ते पाहिलंत का? ब्लाउजच्या पाठीत, अंबाड्यात, गजऱ्यात, केसांच्या पिनांमध्ये नीट पाहा. फिरकी ब्लाउजच्या आत किंवा केसांत सापडली, तर ती आपोआप सैल होऊन सुटली आणि कुडी त्यानंतर कुठेही पडली असू शकते, कार्यालयात, हॉटेलात किंवा गाडीत. पण दांडीला फिरकी तशीच घट्ट असताना कुडी ओढली गेली असेल, तर कानाची पाळी दुखली असती, लाल झाली असती. तुम्हाला तसं काही जाणवलं नाही, तेव्हा पहिलीच शक्यता मोठी.

दुसरं, मोबाइलमधले फोटो. लग्नातून निघताना, वाटेत चहाला थांबल्यावर, गाडीत बसून काढलेले. तुमचेच नव्हे, बरोबरच्या सगळ्यांचे मागवा. ज्या शेवटच्या फोटोत तुमचा डावा कान दिसतो आणि कुडी आहे, त्या फोटोची वेळ लिहून ठेवा. एक लक्षात ठेवा, सेल्फी कॅमेऱ्यात डावंउजवं उलटं दिसू शकतं, तेव्हा कान ठरवताना पदर कोणत्या खांद्यावर आहे ते पाहा. साताऱ्याजवळ जेवायला थांबला होतात असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या फोटोत कुडी असेल, तर पुढे शोधायला फक्त शेवटचा टप्पा राहतो. तिथे नसेल, तर आधी त्या हॉटेलला फोन करा, कारण तिथे रोज झाडलं जातं आणि उशीर झाला की वस्तू गेली.

तिसरं साडी. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच बाजूला आल्या आहेत. पदर डाव्या खांद्यावर असतो. पुढच्या डाव्या सीटचा पट्टाही डाव्या खांद्यावरून येतो. आणि हरवलेली कुडी डाव्या कानातली. पट्टा लावताना आणि सोडताना पदर कानापर्यंत वर सरकतो, दांडी धाग्यात अडकते, फिरकी आधीच सैल असली की कुडी पदरासोबत खाली येते. काठपदराच्या ज्या साडीला मागच्या बाजूने सुटे धागे असतात, तिथे मोत्याची कुडी आठवडाभरही लटकून राहू शकते. साडी धुवायला किंवा ड्रायक्लीनला दिली असेल तर आत्ता फोन करा. घरी असेल तर पलंगावर पांढरी चादर पसरून तिच्यावर साडी उलगडा, झटकू नका. पदर, निऱ्या, कमरेत खोचलेला भाग हातभर हातभर करत चाचपून पाहा. अंगावर शाल होती का, मांडीवर पिशवी होती का, तेही त्याच चादरीवर.

आता पार्किंग. मॅट झटकल्या तिथे कुडी पडली असण्याची शक्यता खरी आहे. मॅटच्या खाचेत बसलेली वस्तू झटकताना दोन हात लांब उडते आणि आपण गाडीच्या आत पाहत बसतो. आजच, अंधार पडल्यावर, टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा आणि उजेड फरशीवर सरपटत जाऊ द्या. उभ्या उजेडात धुळीतला मोती दिसत नाही. आडव्या उजेडात त्याची लांब सावली पडते आणि सोन्याची तार चमकते. तुमचा दरवाजा उघडतो त्या जागेपासून सुरुवात करा, शेजारच्या गाडीखालीही बघा. सोसायटीचे वॉचमन आणि सकाळी झाडायला येणाऱ्या मावशी यांना आजच सांगा, कुडीचा फोटो दाखवा. उद्या सकाळी झाडलेला केर टाकू नये, एवढीच विनंती करायची.

हे सगळं झालं की मग गाडी. इथेही मी पुढून मागे असा शोधत नाही, वस्तू सुटली त्या बाजूने शोधतो.

डाव्या सीटवरून डाव्या कानातली वस्तू पडली तर ती हँडब्रेकच्या बाजूला जायचं कारण फार कमी. बहुतेक लोक मात्र तिथेच बोटं घालून बसतात, कारण सीट आणि मधल्या कन्सोलची फट ही बदनाम जागा. चालकाच्या बाबतीत ते बरोबर आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याचा डावा हात पट्ट्याच्या बकलाकडे, गिअरकडे, हँडब्रेककडे जातो, म्हणून डाव्या हातातली अंगठी त्या फटीत जाते. त्यात एसीने बोटं आक्रसलेली असतात, अंगठी सैल होते आणि फटीत पडलेला मोबाइल काढायला हात घातला की निसटते. तुमची बाजू मात्र दरवाज्याची आहे. वाटेत डुलकी लागली असेल, डोकं काचेला टेकलं असेल, तर ती बाजू आणखी पक्की होते.

पहिली जागा खुद्द पट्टा. दरवाजा उघडा, खाली उंबऱ्यावर पांढरा रुमाल पसरा आणि पट्टा शेवटपर्यंत हळूहळू बाहेर ओढा. घाई केलीत तर पट्टा अडकतो, त्यामुळे एका लयीत ओढा. दोन्ही बाजूंनी पाहा, कडेच्या विणीत दांडी अडकलेली असते कधी. मग पट्टा तसाच बाहेर धरून, तो पुढच्या आणि मागच्या दरवाज्यांमधल्या खांबाच्या प्लास्टिकमधून जिथून बाहेर येतो त्या फटीत टॉर्च मारा. पट्टा सोडला की तो झर्रकन वर आणि आत जातो, त्याच्यासोबत अडकलेली वस्तू त्या फटीच्या तोंडाशी येते आणि तिथून एक तर खाली पडते किंवा प्लास्टिकच्या मागे जाते. मागे गेली असेल तर ते प्लास्टिक घरी उचकटू नका. बऱ्याच गाड्यांत त्याच खांबाच्या खालच्या भागात पट्टा आवळणारी यंत्रणा असते, तिच्यात एअरबॅगसारखाच स्फोटक भाग असतो. ते काम जाणकाराचं.

दुसरी जागा सीटची डावी कड आणि दरवाज्याचा उंबरा यांतली पट्टी. सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या रुळाच्या बाहेरच्या बाजूला साधारण दोन बोटांची घळ असते. तिच्यात कार्पेटची कड, उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी आणि दरवाज्याचं रबराचं बीडिंग एकत्र येतात. हात तिथे धड जात नाही आणि घातला तर वस्तू पुढे ढकलली जाते. इथे मोबाइलच डोळा करा. व्हिडिओ चालू करून, मोबाइलचा दिवा लावून, फोन घळीत उलटा धरून पुढून मागे सावकाश फिरवा आणि नंतर तो व्हिडिओ मोठा करून पाहा. दरवाज्यातला खिसा रिकामा करून त्याच्या तळाशीही बघा, तिथे कागदांच्या खाली बारीक वस्तू जातात.

तिसरी जागा सीट कव्हरची. तुम्ही लिहिलंय की रेक्झिनची कव्हरं नंतर बसवून घेतली आहेत. मग ही जागा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण कंपनीच्या नुसत्या सीटवर जे घडत नाही ते कव्हरात घडतं. बैठक आणि पाठ जिथे मिळतात, तिथे कव्हरला एक लांब झालर शिवलेली असते. बसवताना आम्ही ती झालर फटीतून मागे ढकलतो आणि सीटच्या मागून हुकाने किंवा इलॅस्टिकने ताणून बांधतो. दोनेक वर्षांत इलॅस्टिक सैल पडतं, झालर खाली लोंबते आणि तिची झोळी होते. पुढून पाहिलं तर फट बंदच दिसते. पण वरून निसटलेली वस्तू अंगाच्या हालचालीने आत सरकत सरकत त्या झोळीत जाऊन बसते. बोटांनी वरून चाचपलं तर कळत नाही, कारण बोट झोळीच्या तोंडाशीच थांबतं.

ती तपासायची पद्धत अशी. मागच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत गुडघ्यावर बसा, तोंड पुढच्या सीटच्या पाठीकडे. खाली चादर घाला. पाठीच्या खालच्या कडेपाशी रेक्झिनची पट्टी आणि हुक दिसतील. हुक लगेच सोडू नका. आधी दोन्ही हातांच्या बोटांनी ती झालर खालून वर दाबत डावीकडून उजवीकडे जा, चिमटीत धरून चोळत चोळत. भुईमुगाच्या शेंगेत दाणा आहे का ते आपण दाबून बघतो, तसं. कुडी असेल तर कडक गाठ लागते. लागली की ती जागा एका हाताने धरून ठेवा आणि मगच दुसऱ्या हाताने जवळचा हुक सोडा. न धरता हुक सोडलात तर झोळी उलटी होते आणि वस्तू रुळावर पडते. कव्हरच्या बाजूला चेन असेल तर ती उघडून कव्हर आणि मूळ कापड यांच्या मध्येही हात फिरवा.

चौथी जागा फ्लोअरचं मॅटिंग. आपल्याकडे नवी गाडी घेतली की वर व्हिनाइलचं मॅटिंग टाकून घेतात आणि सीटचे पाय येतात तिथे ते कापलेलं असतं. काप नीट बसवलेला नसेल तर कडा उचललेल्या राहतात. मोत्याची कुडी गोल नसते, दांडी असल्यामुळे ती कार्पेटवर घरंगळत फार लांब जात नाही. पण गुळगुळीत व्हिनाइलवर ती सरकते. ब्रेक लागला की पुढे, वेग घेतला की मागे. कोल्हापूर ते पुणे रस्त्यावर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोलनाके, प्रत्येक ठिकाणी वेग कमी करून परत वाढवायचा. एवढ्यात सरकलेली वस्तू उचललेल्या कडेखाली सहज जाते. म्हणून सीटच्या चारही पायांपाशी मॅटिंगची कड बोटाने उचलून आत उजेड टाका. मागच्या बाजूच्या दोन पायांपाशी जास्त वेळ द्या, कारण ते सीटखाली असल्यामुळे पहिल्या शोधात कुणी पाहत नाही.

इथे सीटखालचं थोडं. वॅगन आरसारख्या काही गाड्यांत पुढच्या डाव्या सीटखाली ट्रे असतो. असेल तर तो सरळ वर उचलून बाहेर काढा, तिरका करू नका, आणि ट्रेमध्ये तसेच ट्रेखालीही पाहा. काही गाड्यांत मागच्या प्रवाशांच्या पायांकडे हवा नेणारी एसीची नळी सीटखाली उघडते, तिच्या तोंडातही टॉर्च मारा. तसं तोंड दिसलं तर शोध संपेपर्यंत ब्लोअर लावू नका.

आता सीट सरकवायची वेळ आली. इतका वेळ सरकवू नका म्हटलं त्याचं कारण रूळ. रुळात दातेरी पट्टी आणि छोटे रोलर असतात. त्यात कुडी असली आणि सीट जोरात सरकली, तर सोन्याची तार चिरडते आणि मोती फुटतो. मोती कठीण नसतो, नखाने नाही पण लोखंडाने सहज ओरखडतो. म्हणून आधी दोन्ही रुळांचा उघडा दिसणारा भाग, पुढचा आणि मागचा, टॉर्चने पूर्ण पाहा. मग एकाने सीट बोटभर सरकवायची, दुसऱ्याने रुळाकडे बघायचं, परत बोटभर. सीट पूर्ण मागे गेली की पुढचा भाग मोकळा होतो, पूर्ण पुढे गेली की मागचा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, तिथेच थांबा.

इथवरचा क्रम म्हणजे फिरकी, फोटो, साडी, पार्किंग, पट्टा, डावी घळ, कव्हरची झालर, मॅटिंगच्या कडा, आणि शेवटी रूळ. हे सगळं एका संध्याकाळी, दोन माणसांत, एकही पाना न लावता होतं.

यातूनही मिळाली नाही, तर सीट उतरवणं योग्य आहे. पण फक्त तुमची, पुढची डावी. चारही सीट उतरवायचं कारण मला दिसत नाही. मागची बैठक उचलणं तसं सोपं असतं, बऱ्याच छोट्या गाड्यांत ती पुढच्या कडेला क्लिपांवरच असते, पण तुम्ही मागे बसलाच नव्हतात. पुढची सीट साधारण चार बोल्टवर असते, दोन पुढे, दोन मागे, वर प्लास्टिकच्या टोप्या. सराईत माणसाला अर्धा तास पुरतो.

एक सावधगिरी मात्र हवीच. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटसाठी पट्ट्याची आठवण देणारी सूचना सक्तीची झाली. त्यासाठी शेजारच्या सीटखाली वायरी येतात, बकलाची वेगळी आणि कोणी बसलंय का हे ओळखणाऱ्या सेन्सरची वेगळी. सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असेल तर तिचीही वायर तिथूनच जाते. एअरबॅगचा कनेक्टर सहसा पिवळा असतो. सीट उतरवायच्या आधी गाडी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह सोडलेला, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून मगच कनेक्टरला हात. कनेक्टर सुटलेला असताना कुणीही चावी फिरवायची नाही, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर, म्हणजे गाडीतला दोष वाचणारं यंत्र, लावावा लागतो. मेकॅनिकला हे आधी विचारा. त्याने 'काही होत नाही हो' म्हणून उडवून लावलं तर दुसरा माणूस बघा. आणि परत बसवताना बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. अपघातात माणसाला धरून ठेवणारा पट्टा याच सीटशी जोडलेला असतो. शोधाशोधीच्या नादात एक बोल्ट सैल राहिला तर कुडीपेक्षा कितीतरी मोठं नुकसान होईल.

सीट बाहेर आली की ती उलटी करू नका. सरळ उचलून, चादरीवर सरळच ठेवा आणि मग एकाने धरून दुसऱ्याने खालून पाहावं. स्प्रिंगा आणि फोम यांच्या मधल्या जागेत, कव्हरच्या दोऱ्यांच्या गाठींत वस्तू अडकलेली असते. सीट उलटी केली की ती फोमच्या आत जाते. उघड्या झालेल्या कार्पेटवर हात फिरवण्याआधी एक फोटो काढा.

कुडी दिसली पण बोट पोचत नाही, असं झालं तर चिमट्याने ओढू नका, मोत्यावर ओरखडा येतो आणि वस्तू निसटून आणखी खोल जाते. सोनार खडा उचलायला काडीच्या टोकाला मेण लावतात, तेच करा. विणकामाची सुई किंवा उदबत्तीची काडी घ्या, टोकाला मऊ केलेलं मेण किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, वस्तूवर हलकेच दाबून वर उचला.

आता लोक जे सल्ले देतील त्यांबद्दल. लोहचुंबकाने सोनं, चांदी, मोती, हिरा यांतलं काहीच येत नाही. तो फक्त लोखंडी पिना आणि स्क्रू बाजूला काढायला कामाचा. मेटल डिटेक्टर पत्र्याच्या गाडीत सतत वाजत राहतो, त्याचा उपयोग शून्य. हवेची गन हा सगळ्यात वाईट उपाय. टायरवाल्याकडची हवा हलक्या वस्तूला क्षणात कार्पेटखाली किंवा एसीच्या नळीत घालवते. फोम वॉश तर नकोच, पाणी आणि साबण मोत्याला मानवत नाहीत आणि दोरा असेल तर तोही सैल पडतो.

व्हॅक्यूमला माझा विरोध नाही, वॉशिंग सेंटरच्या व्हॅक्यूमला आहे. त्याच्या ड्रममध्ये दिवसभराच्या गाड्यांची घाण असते, त्यात तुमची कुडी शोधणार कशी? घरचा व्हॅक्यूम असेल तर पिशवी आधी रिकामी करा, तोंडाला पातळ नायलॉनचा पायमोजा ताणून रबरबँडने घट्ट बांधा, ओढ सगळ्यात कमी ठेवा. वस्तू मोज्यावर अडकते, आत जात नाही. पण तोही शेवटीच वापरा, डोळ्यांनी पाहून झाल्यावर. सोनं पाण्याच्या १९ पट जड असतं, भरीव सोन्याची बारीक वस्तू कार्पेटच्या लवेत अगदी तळाशी बसते आणि व्हॅक्यूम वरचा कचराच घेतो. कार्पेट साफ दिसलं म्हणून तिथे काही नाही असं धरू नका, बोटांनी लव विंचरून पाहा. आणि घरच्यांनी याआधीच व्हॅक्यूम मारला असेल तर पिशवी फेकू नका. वर्तमानपत्रावर रिकामी करून मैद्याच्या नव्हे, रव्याच्या चाळणीने चाळा.

दोन जागा मी आत्तापर्यंत सोडल्या, कारण तुमच्या प्रसंगात त्यांची शक्यता कमी आहे. एक, काचेच्या खालच्या रबरापाशी दारात जाणारी फट. काच उघडी ठेवून हात किंवा डोकं टेकवलं असेल तरच ती लागू. तसं वाटत असेल तर काच वरखाली करू नका, दार आपटू नका, पावसात गाडी उभी करू नका. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात, तिथून बारीक वस्तू रस्त्यावर जाऊ शकते. दाराचा पॅड काढून तळ पाहता येतो, ते काम फार मोठं नाही. दुसरी, डॅशबोर्डच्या वरची, पुढच्या काचेपाशी हवा सोडणारी जाळी. कुडी काढून हाताने डॅशबोर्डवर ठेवली असेल तरच तिथे जाईल. तिथे गेलेली वस्तू काढायला कधी कधी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तेव्हा तारेच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा घालून वस्तू खरंच दिसते का हे पाहिल्याशिवाय कुणालाही ते काम सुरू करू देऊ नका.

कुडी मिळाली की रुळाचं ग्रीस किंवा धूळ लागलेली असेल. कोरड्या मऊ सुती कापडाने हलकेच टिपून घ्या. साबण, सॅनिटायझर, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. मोती मुळात चुन्याच्या जातीचा, आंबट काही लागलं की त्याचं पाणी उतरतं. मग दोन्ही कुड्या सोनाराकडे न्या आणि दांडीचं मळसूत्र तपासून घ्या. जुन्या दागिन्यांत ते घासून गुळगुळीत होतं, फिरकी कितीही आवळली तरी गाडीच्या हादऱ्यांनी फिरत फिरत सुटते. दांडी बदलून मिळते, मूळ मोत्यांना हात लावावा लागत नाही.

गाडीचं मॉडेल, कव्हर बाजूला चेनचं आहे की नुसतं इलॅस्टिकचं, आणि फिरकी कुठे सापडली, एवढं कळवा. त्यावरून तुमच्या सीटची झालर नेमकी कुठून सोडायची ते सांगता येईल.